वॉशिंग्टनची स्वाक्षरीवही

नमस्कार श्रोतेहो. 1840 ते 1860 या काळात अमेरिकेतल्या तरुणी राजकारण्यांच्या सह्या ज्या वहीत जमवत, तिच्याविषयी आज बोलू. नक्षी उठवलेली चामडी बांधणी, त्यावर सोनेरी वर्ख, आणि आत पांढऱ्या पानांच्या जोडीला गुलाबी, निळी, पिवळी पानं, असं तिचं रूप.

सह्या मिळवायचा हुकमी मार्ग म्हणजे काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, ओळखीच्या सदस्याकडे वही सोपवणं. वॉशिंग्टनमध्ये पुष्कळ सदस्य बोर्डिंग हाऊसमध्ये राहत आणि एकत्र जेवत. एका टेबलावर बऱ्याच सह्या होऊन जात. मात्र वेळ साधावी लागे. अधिवेशन डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी भरे आणि विषम वर्षी 3 मार्चला संपे. शेवटच्या आठवड्यांत विधेयकांची अशी झुंबड उडे की वहीकडे बघणार कोण? माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स 1831 पासून मरेपर्यंत, म्हणजे 1848 पर्यंत, प्रतिनिधिगृहात होते. ते तर अशा वह्यांत कविताही लिहून देत.

दुसरा मार्ग टपालाचा. सदस्यांना टपालहशील माफ असे. पाकिटाच्या कोपऱ्यात त्यांची सही असली की झालं. पत्र आलं की तो कोपरा कापून वहीत चिकटवायचा. सोपं खरं, पण कात्रीबरोबर तारीख आणि टपालाचा शिक्का जातो, म्हणजे सहीचा पुरावाच जातो. 1873मध्ये ही सवलत रद्द झाली आणि हा झरा आटला. ऱ्होड आयलंडच्या ॲडलाइन हॅरिस हिने 1856च्या सुमारास वेगळीच वाट काढली: रेशमाचे तुकडे टपालाने पाठवायचे, सही होऊन परत आले की गोधडीत शिवायचे. अशा 360 सह्यांची ती गोधडी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्यात लिंकनची सहीही आहे.

आता सही खरी की खोटी, हे कसं ओळखायचं? लिंकन एरवी ‘ए. लिंकन’ अशीच सही करत. पूर्ण नाव मुख्यतः सरकारी कागदांवर. तेव्हा खासगी चिठ्ठीखाली ‘अब्राहम लिंकन’ दिसलं तर जरा थांबा. त्या काळचे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या नावाचे 1833 नंतरचे जमिनीचे पट्टे स्वस्तात मिळाले तर हरखू नका. त्या वर्षीच्या मार्चमधल्या कायद्याने अध्यक्षांऐवजी चिटणिसाला सही करायची मुभा मिळाली. यादवी युद्धात फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांचे अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस यांच्या पत्रांवर पुष्कळदा पत्नी व्हॅरिना सही करत, आणि अक्षर अगदी हुबेहूब. जाणकार नावापुढचा पूर्णविराम शोधतात. तो बहुधा व्हॅरिनाच्या सहीत सापडतो.

वहीचा काळ ठरवायलाही सह्याच कामी येतात. त्या काळचे तीन बडे सिनेटर घ्या: कॅल्हून 1850च्या मार्चमध्ये गेले, क्ले 1852च्या जूनमध्ये, वेबस्टर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. तिघांनीही थेट पानावर सही केली असेल, तर ती वही 1850च्या मार्चअखेरपूर्वी वापरात होती. पण कात्रणं चिकटवलेली असतील तर हा हिशेब लागू पडत नाही, कारण जुनी पाकिटं नव्या वहीसाठीही कापली जात.

खरा शत्रू शाई. माजूफळ, हिराकस (लोहाचा एक क्षार) आणि डिंक यांची ही शाई ताजी असताना फिकट दिसते, हवेने काळी पडते आणि कालांतराने तपकिरी होते. हिराकस प्रमाणाबाहेर पडलं असेल तर तिचं आम्ल कागद खातं. जाड रेघा आरपार फाटतात. ओलाव्याने हे काम आणखी झपाट्याने होतं, म्हणून असं पान पाण्याने पुसायला जाऊ नका. समोरच्या पानावर सहीचा उलटा ठसा उमटलेला असेल तर मध्ये आम्लरहित पातळ कागद घाला. सेलोटेप आणि लॅमिनेशन अजिबात नको. स्वच्छ, कोरडे हात पुरतात. हातमोज्यांनी उलट पानाची कड नीट जाणवत नाही. कात्रण डिंकाने घट्ट बसलं असेल तर ते काढू नका, मागे काय लिहिलंय याची कितीही उत्सुकता असली तरी. मागून उजेड धरून फोटो काढा. बऱ्याचदा तेवढ्यावर मागचा मजकूर वाचता येतो.