सव्वीस डॉलर

अमेरिकेतल्या शाळा आणि वंशभेद म्हटलं की आपल्याला १९५४चा ब्राऊन खटला आठवतो. काळ्या-गोऱ्यांच्या वेगवेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरल्या, टाळ्या झाल्या, संपलं. माझं म्हणणं, आजची विषमता कळायला हवी असेल तर १९७३चा निकाल वाचा. तो कोणी वाचत नाही. संयोजकांनी विषय दिलाय ‘धोरणात्मक उपाय’. येतो, तिकडेही येतो.

टेक्सासातल्या सॅन अँटोनिओमध्ये एजवुड हा भाग आहे. वस्ती तेव्हा ९० टक्के मेक्सिकन वंशाची, काही काळी कुटुंबं. मे १९६८ मध्ये तिथल्या हायस्कूलची चारेकशे मुलं वर्ग सोडून बाहेर पडली. धड शिक्षक द्या, इमारत नीट करा, एवढंच मागत होती. पालकांत देमेत्रिओ रॉड्रिगेझ होते, हवाई दलाच्या तळावर पत्र्याचं काम करणारे. ते आणि आणखी काही पालक कोर्टात गेले.

आता आकडे आहेत, शेजारी झोपला असेल तर उठवा. तिकडे शाळेचा बराच खर्च स्थानिक मालमत्ता करातून भागतो; आपली घरपट्टी समजा. एजवुड १०० डॉलरच्या मालमत्तेवर १ डॉलर ५ सेंट कर लावायचं आणि मुलामागे हाती यायचे २६ डॉलर. त्याच शहरातल्या गोऱ्या, सधन अलामो हाइट्समध्ये दर ८५ सेंट, आणि हाती ३३३! राज्याचं, केंद्राचं अनुदान धरूनही ३५६ विरुद्ध ५९४. कर जास्त दराने भरायचा गरिबाने आणि शाळा चांगली दुसऱ्याची.

हसताय काय? तुमच्यापैकी किती जणांची मुलं न्यू जर्सीत आहेत? घर घेताना आधी काय बघितलं? स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे शाळांचा कारभार बघणारा स्थानिक विभाग! माझ्या भाच्याचंही तेच. घरात खोल्या किती ते फोनवर सांगेना, पण शाळेला दहापैकी नऊ गुण आहेत हे पुन्हा पुन्हा सांगत होता. म्हटलं, अरे, म्हणजे सरकारी शाळेची फी तू घराच्या किमतीत भरलीस. त्यानंतर बरेच दिवस त्याचा फोन नाही. आमची ताईसुद्धा माझ्यावरच चिडली.

असो. २१ मार्च १९७३ला सर्वोच्च न्यायालयात रॉड्रिगेझ ५ विरुद्ध ४ मतांनी हरले. न्यायमूर्ती पॉवेल यांनी लिहिलं की शिक्षण हा अमेरिकी राज्यघटनेतला मूलभूत हक्क नाही. कडाडून विरोधी मत दिलं न्यायमूर्ती थर्गूड मार्शल यांनी, म्हणजे पूर्वी ब्राऊन खटला लढवलेल्या वकिलांनीच. आपण २००२ साली कलम २१-अ घालून हक्क लिहून तरी ठेवला. पाळतो किती, त्यासाठी मला वेगळं बोलवा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं! बरं, भराभर सांगतो. हवाईत अख्ख्या राज्याचा एकच स्कूल डिस्ट्रिक्ट आहे, म्हणजे पेठ बघून पैसा ठरत नाही. कॅलिफोर्निया २०१३पासून गरीब आणि इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांमागे जादा पैसे देतं. टेक्सासच्या राज्य न्यायालयाने १९८९ साली एजवुडच्या बाजूने एकमताने कौल दिला. १९९३पासून श्रीमंत भागांचा जादा कर काढून घेतात, त्याला लोक ‘रॉबिन हूड’ म्हणतात, बहुतेक वेळा दातओठ खात. पण पैसा वाटला तरी वस्त्या वेगळ्याच राहतात. म्हणून मला मेरीलँडच्या माँटगोमेरी काउंटीचा कायदा जास्त आवडतो: १९७४पासून मोठ्या गृहप्रकल्पात काही घरं परवडणाऱ्या दरात द्यावीच लागतात. सुरुवात तिथून करावी. उठतो, उठतो, अध्यक्ष महाराज.