पुढच्या फाट्यावर विचारा

[टीव्हीमागचा वायफायचा डबा, लुकलुकणारा हिरवा दिवा]

हा दिवा लुकलुकतोय, म्हणजे पॅकेटं ये-जा करतायत. तुम्ही बघताय तो व्हिडिओ अखंड येत नाही, फार तर १५०० बाइटच्या तुकड्यांनी येतो. प्रत्येक तुकड्याच्या माथ्यावर दोन आयपी पत्ते असतात: कुठून निघालो आणि कुठे जायचंय.

वाटेतल्या एकाही राउटरला, म्हणजे पॅकेट पुढे धाडणाऱ्या यंत्राला, सगळा रस्ता ठाऊक नसतो. परक्या गावात वाट विचारली, की "पुढच्या फाट्यावर विचारा" म्हणतात ना, तसंच. राउटर पत्ता वाचतो, आपला तक्ता बघतो आणि पॅकेट शेजाऱ्याच्या हाती देतो. पॅकेटला चकवा लागलाच तर? त्यासाठी त्यावर एक आकडा असतो, जास्तीत जास्त २५५. दर राउटरपाशी तो एकाने घटतो. शून्य झाला, की पॅकेट तिथेच टाकून दिलं जातं.

पण हा तक्ता भरतो कोण? मोठ्या नेटवर्कांचे राउटर एकमेकांना सांगतात, "हे पत्ते माझ्याकडून गाठता येतील." या बोलीचं नाव बीजीपी. ती शेजाऱ्याच्या शब्दावर चालते.

[जगाचा नकाशा. २४ फेब्रुवारी २००८]

पाकिस्तान सरकारने यूट्यूब बंद करायला सांगितलं होतं. पाकिस्तान टेलिकॉमने "हे पत्ते माझ्याकडून" अशी घोषणा करून यूट्यूबच्या २५६ पत्त्यांची वाट स्वतःकडे वळवली. हे देशापुरतंच राहायला हवं होतं. पण ती घोषणा हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या दूरसंचार कंपनीकडे गेली आणि तिथून जगभर पसरली. यूट्यूबची स्वतःची घोषणा या २५६ सकट १०२४ पत्त्यांची होती. राउटरचा नियम असा, की जी घोषणा अधिक नेमकी, म्हणजे कमी पत्त्यांची, ती वाट खरी. म्हणून २५६ वाली जिंकली. जगभरातली पॅकेटं पाकिस्तानकडे धावली आणि तिथेच विरली.

यूट्यूबच्या अभियंत्यांनी याच नियमाचा आधार घेतला, हे मला फार आवडतं. सुमारे ८० मिनिटांनी त्यांनीही तेच २५६ पत्ते घोषित केले. तेवढ्याने भागेना, तेव्हा त्यांचे १२८-१२८ चे दोन तुकडे केले. पॅकेटं घरी परतू लागली. पुढे पीसीसीडब्ल्यूने ती चुकीची वाट तोडली, तोवर सव्वादोन तास होत आले होते.

[पुन्हा हिरवा दिवा]

आता पत्त्यांचा मालक डिजिटल सही करून ठेवू शकतो, की ही घोषणा फक्त अमुक नेटवर्कनेच करावी. सही तपासणारा राउटर खोटी घोषणा दारातच अडवतो. न तपासणारा अजूनही शेजाऱ्याच्या शब्दावर विसंबतो.