सशाची खरूज आणि चार युनिट औषध

[काळा कार्डपेपर, वरून उजेड. कागदावर पांढरा कोंडा.]

सशाच्या मानेमागचे केस उलटे फिरवून, बारीक कंगव्याने काढलेला हा कोंडा. पंखा बंद आहे, खिडकी लावलेली आहे. आता डावीकडच्या कणाकडे बघत राहा. सरकला. त्या कणाखाली जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा जीव आहे, चेलेटिएला. शेतकरी पिकावर ज्याला कोळी म्हणतात, त्याच्याच दूरच्या नात्यातला हा माइट. पशुवैद्यकात या लक्षणाला ‘चालता कोंडा’ असंच म्हणतात.

सशाच्या माइटांमध्ये हा तसा सौम्य. निरोगी ससा दिवसभर स्वतःला चाटत असतो, त्यामुळे अंगावर असलेच तर थोडेच राहतात आणि दिसत नाहीत. कोंडा वाढला, की आधी हे बघायचं: ससा पाठ चाटायचा का थांबला? दाढा वाढल्यात? सांधे दुखतायत? की इतका लठ्ठ झालाय की तोंड पाठीपर्यंत पोचतच नाही? कारण तसंच राहिलं, तर औषधाने कोंडा जातो आणि थोड्या दिवसांनी परत येतो.

[सशाचा कान, जवळून.]

हा दुसरा प्रकार, कानातली खरूज. आत एकावर एक साचलेले तपकिरी पापुद्रे, भिजून परत वाळलेल्या पोह्यांसारखे. हे सोरॉप्टिस माइटचं काम. तो कातडीत शिरत नाही. वरच राहतो, कातडीला चिडवतो, त्यातून पाझरणारा द्रव वाळतो आणि थर चढत जातात. ससा डोकं झटकतो, मागच्या पायाने कान खाजवून रक्त काढतो.

हे पापुद्रे उपटायचे नाहीत. चिमट्याने नाही, कापसाच्या काडीने नाही. खालची कातडी सोललेली असते. ओढलं की रक्त येतं आणि दुखण्याने ससा खाणं सोडतो. आतले माइट मेले, की साधारण आठवड्या-दीड आठवड्यात ते आपोआप गळतात. खोबरेल तेल घातलं तर थर मऊ होतात, एवढंच. कानाच्या खोल भागातले माइट त्याने मरतील याचा भरवसा नाही.

तिसरा प्रकार नाकाच्या शेंड्यावर, ओठांवर, पापण्यांच्या कडांना आणि पंजांवर दिसतो. पांढुरकी, चुन्यासारखी कडक खपली. हा सार्कोप्टिस, कातडीत बोगदे करणारा. गजकर्णही असंच दिसू शकतं, म्हणून डॉक्टर कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. खरवडीत माइट सापडला नाही, तरी तो नाहीच असं ठरत नाही.

गोचीड त्या मानाने सोपी. ती डोळ्यांना दिसते. कानांच्या कडा, मान, पापण्या आणि बोटांच्या मधल्या जागा तपासा. बहुतेक वेळा ती घरातल्या कुत्र्याकडून येते किंवा कापून आणलेल्या ओल्या गवतातून. टोकदार चिमट्याने, कातडीला टेकून, तोंडाजवळ पकडा आणि सरळ वर, एकसारख्या जोराने ओढा. पिळायची नाही, झटका द्यायचा नाही. रॉकेल, तेल, पेटती काडी यातलं काहीही जवळ आणायचं नाही. काढलेली गोचीड स्पिरिटच्या बाटलीत टाका आणि जागेवर थोडं पोव्हिडोन आयोडीन लावा.

[औषधाच्या दुकानाचा काउंटर.]

खरा धोका इथे आहे. खरुजेने ससा आठवडे खंगत राहतो. चुकीच्या औषधाने तो काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत जाऊ शकतो. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या गोचिडीच्या औषधाची नळी आणि फवारा, दोन्हींत बऱ्याचदा फिप्रोनिल हे कीटकनाशक असतं. ते सशाला द्यायचंच नाही. खाणं बंद, सुस्ती, मग झटके, असा त्याचा क्रम. ‘थोडंसंच लावू’ हा हिशेब इथे चालत नाही. गोचिडीसाठी अंगावर लावायचं अमिट्राझचं पाणी आणि गळ्यातले गोचिडीचे पट्टेही नकोत. घरातल्या कुत्र्याला यातलं काही लावलं असेल, तर ते पूर्ण सुकेपर्यंत ससा त्याच्यापासून वेगळा ठेवा.

चुकून लागलंच, तर कोमट पाणी आणि सौम्य भांड्यांचा साबण घेऊन फक्त तेवढी जागा धुवा, टॉवेलने कोरडी करा आणि लगेच डॉक्टर गाठा. एरवी सशाला आंघोळ घालायची नाही. आतली दाट लोकर तासन्‌तास ओली राहते, अंग गार पडतं आणि नुसत्या भीतीनेही ससा कोसळू शकतो.

मग द्यायचं काय? डॉक्टर साधारणपणे दोन औषधांतून निवड करतात. एक सेलामेक्टिन, मानेच्या मागे, डोक्याच्या बुडाशी, केस बाजूला करून थेट कातडीवर. किलोला ६ ते १८ मिलिग्रॅम. दोन किलोच्या सशाला १५ मिलिग्रॅमची लहान नळी या मापात बसते. दोन ससे एकत्र राहत असतील तर जागा सुकेपर्यंत वेगळे ठेवा. ते एकमेकांची मान चाटतात, आणि आपण औषध नेमकं तिथेच लावलेलं असतं.

दुसरं आयव्हरमेक्टिन, कातडीखाली टोचायचं. किलोला ०.२ ते ०.४ मिलिग्रॅम, १० ते १४ दिवसांच्या अंतराने, दोन किंवा तीन वेळा. पुन्हा का? औषध अंड्यांना मारत नाही. पहिल्या इंजेक्शननंतर खाज थांबते, मालकाला वाटतं झालं, आणि तीन आठवड्यांत नवी पिढी कानात हजर.

टोचण्याचं काम डॉक्टरांचं. पण मोजणी तुम्हालाही कळली पाहिजे, कारण चूक इथेच होते.

[दोन सिरिंज शेजारी शेजारी. एकीचं टोपण लाल, दुसरीचं नारिंगी.]

आपल्याकडे मिळणारं इंजेक्शन बहुधा एक टक्क्याचं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम. ते गाई-म्हशींच्या वजनाला बेतलेलं असतं. ससा दोन किलोचा. ०.२ च्या मापाने औषध लागतं ०.४ मिलिग्रॅम, म्हणजे ०.०४ मिलिलिटर. एक थेंब. ‘०.४’ हा आकडा मिलिलिटरमध्ये वाचला, की डोस दहापट झाला.

एवढं कमी औषध इन्शुलिनच्या सिरिंजमध्ये घेतात. नारिंगी टोपणाच्या, एका मिलिलिटरला १०० युनिटवाल्या सिरिंजवर ते चार युनिट होतं. लाल टोपणाची सिरिंज मिलिलिटरला ४० युनिटची. तिच्यावर चार युनिट म्हणजे ०.१ मिलिलिटर, अडीचपट. दोन्ही सिरिंज एकाच दुकानात, एकाच खणात असतात. म्हणून कागदावर युनिट लिहून घेऊ नका; मिलिग्रॅम आणि मिलिलिटर लिहून घ्या. वजनही अंदाजाने नको. ससा टोपलीत बसवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा, टोपलीचं वजन वजा करा.

पकडताना कान धरून उचलायचं नाही. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि लगेच टॉवेलमध्ये घट्ट गुंडाळा, फक्त डोकं बाहेर. मागचे पाय मोकळे राहिले आणि सशाने हवेत लाथ झाडली, तर त्याच्याच ताकदीने कंबरेचा मणका मोडतो.

उपचारानंतर घास आणि लेंड्या बघा. १२ तास खाल्लं नाही, तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. सशाचं आतडं थांबणं ही खरुजेपेक्षा मोठी आणीबाणी.

[रिकामा लाकडी पिंजरा.]

एका पिंजऱ्यातल्या सगळ्या सशांना औषध एकाच दिवशी, लक्षण नसलेल्यांनाही. जुनं गवत, पोती, पुठ्ठा फेकून द्या. कापडं ६० अंशांच्या पाण्यात धुवा. सोरॉप्टिस थंड, दमट जागी सशाशिवायही तीन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो, म्हणून शक्य असेल तर हा लाकडी पिंजरा तेवढे दिवस रिकामा ठेवून ससे दुसरीकडे हलवा. फटींत काय उरलंय ते धुऊन कळत नाही. जाळीचा नुसता लोखंडी पिंजरा असेल, तर फार्मवाले ससे आणि गवत लांब नेऊन त्यावर ब्लो लँप फिरवतात.

तुमच्या हातांवर, पोटावर खाजरे लाल फोड आले असतील, तर चेलेटिएला आणि सार्कोप्टिस दोघेही तेवढे करू शकतात. माणसाच्या अंगावर ते फार दिवस राहत नाहीत. ससा बरा झाला की फोडही जातात. तोपर्यंत हातमोजे घाला, आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलात तर घरात ससा आहे हे आधी सांगा.