त्याचा ब्रेक, माझा ब्रेक

(कॅनडातल्या आल्बर्टा प्रांतात, एडमंटनमधल्या मराठी मंडळींच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं संपादित रूप. वक्त्या नागपूरला मानसशास्त्राच्या प्राध्यापक होत्या.)

नमस्कार मंडळी.

पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘प्रेरणादायी व्याख्यान’ असं छापलंय. प्रेरणा वगैरे मला देता येत नाही, हे आधीच सांगून टाकते. मी तीस वर्षं मानसशास्त्र शिकवलं आणि बावन्नाव्या वर्षी गाडी चालवायला शिकले. यातली दुसरी गोष्ट सांगण्यासारखी आहे.

आधी थोडं पहिलीबद्दल. आल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाचं नाव मी वर्गात शेकडो वेळा घेतलं असेल. हा माणूस १९२५ साली तुमच्या याच आल्बर्टात, मंडेअर नावाच्या खेड्यात जन्मला. पुढे आयुष्यभर स्टॅनफर्डला शिकवलं, २०२१मध्ये गेला. १९७७ सालच्या एका लेखात त्याने मांडलं की ‘असं केलं तर तसं होईल’ असं वाटणं वेगळं आणि ‘हे काम मला जमेल’ असं वाटणं वेगळं. हे दुसरं वाटणं सगळ्यात पक्कं येतं ते स्वतः करून पाहिल्याने. आपल्यासारख्याच कोणाला करताना पाहिलं तरी येतं. लोकांच्या शाबासकीने येतं, पण ते लवकर उतरतं. आणि छाती धडधडली, घाम फुटला, तर त्याचा अर्थ आपण काय लावतो यावरही बरंच ठरतं.

हे सगळं मी दरवर्षी फळ्यावर लिहायचे. आणि कॉलेज सुटलं की ऑटो शोधत उभी राहायचे. घरची गाडी अंगणात कव्हरखाली होती. हे गेल्यापासून तिला कोणी हात लावला नव्हता.

मला हलवलं ते आमच्या शेजारीणबाईंनी. माझ्याहून तीन वर्षांनी मोठ्या, रस्ता ओलांडताना माझा दंड घट्ट धरणाऱ्या. एक दिवस त्या स्वतः गाडी काढून भाजी आणायला निघाल्या! बायका विमानं चालवतात हे मी कितीदा वाचलं होतं, त्याने माझं काही हललं नव्हतं. पण या बाईला जमतंय म्हटल्यावर मात्र रात्री झोप लागेना.

क्लास लावला तो नेमका मे महिन्यात. नागपूरचा मे ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. पंचेचाळीस डिग्री, घरात कूलर, बाहेर भट्टी. शिकवणारा पोरगा पंचविशीतला. त्याच्या पायाशीही एक क्लच, एक ब्रेक. दुसऱ्याच दिवशी व्हरायटी चौकात सिग्नल हिरवा झाला आणि माझी गाडी बंद पडली. मागे शहर बस, बाजूला ऑटो, आणि ‘ओ काकू, बाजूला घ्या ना!’ हात इतके घामेजले की स्टिअरिंग सुटायला लागलं. मी म्हटलं, बघ बाबा, भीतीने घाम फुटला मला. पोरगा म्हणाला, “म्याडम, मलेही फुटला ना. ऊन हाय बाहेर.”

फळ्यावरचा चौथा मुद्दा मला तेव्हा कळला.

पण खरी गंमत पुढे आहे. तीन आठवडे झाले, गाडी बरी चालत होती, तरी मला वाटायचं की चालवतोय हाच. नीट थांबली तर त्याच्या ब्रेकने, आणि गचका बसला तर माझ्यामुळे. हा हिशोब माझ्या एकटीचा नाही. पॉलीन क्लान्स आणि सुझॅन आइम्स या दोघी मानसशास्त्रज्ञांनी १९७८मध्ये कर्तबगार बायकांबद्दल नेमकं हेच लिहिलं: यश मिळालं तर नशिबाने किंवा कोणाच्या तरी चुकीने, आणि एक दिवस आपलं पितळ उघडं पडणार.

मग मी त्याला म्हटलं, तू ब्रेक दाबलास की मोठ्याने ‘माझा’ म्हणायचं. हसला, पण कबूल झाला. मास्तरीणबाईच मी, दुधाच्या हिशोबाच्या वहीत मांडायला लागले. पहिल्या दिवशी अकरा वेळा ‘माझा’. मला वाटलं होतं, पन्नास तरी निघतील. दहाव्या दिवशी फक्त दोन. एकदा उलट्या बाजूने आलेला मोटारसायकलवाला आणि एकदा गाय. घरी सोडताना तो म्हणाला, “गायीच्या वेळेस तं तुम्हीच पयले दाबला. म्या उगाच म्हटलं माझा.”

बांडुराने सापाला घाबरणाऱ्या लोकांवर प्रयोग केले होते, खराखुरा बोआ जातीचा अजगर घेऊन. (नाग नदीवरून नाव पडलेल्या गावची मी, सापाचं उदाहरण सोडवत नाही.) आधी शिकवणारा साप हाताळून दाखवायचा, मग दोघं मिळून, मग मदत हळूहळू काढून घ्यायची आणि शेवटी साप आणि तो माणूस, दोघंच. आपण मदत देण्यात पटाईत असतो. काढून घेणं आपल्या अंगात नाही.

मीही एका रविवारी पहाटे एकटीच सेमिनरी हिल्सच्या चढावर गेले. हाफ क्लचवर गाडी दोनदा मागे सरकली, तिसऱ्यांदा चढली. घरी येऊन चहा केला. कोणाला सांगितलंही नाही.

मघाशी चहाच्या वेळी इथली एक मुलगी सांगत होती की ऑफिसच्या मीटिंगमध्ये ती वाक्य मनात तीनदा फिरवते आणि तोवर विषय पुढे गेलेला असतो. तिला मी ‘बिनधास्त बोल’ असं म्हटलं नाही. तसं म्हणून कोणी बिनधास्त होत नाही. म्हटलं, महिनाभर वही ठेव. कधी बोललीस, आणि खरोखर कोणी सावरून घेतलं का तेवढं लिही. आकडे मनापेक्षा कमी खोटं बोलतात.

आईबापांनो, तुम्ही वही ठेवू नका. तुम्ही फक्त ब्रेक दाबल्यावर मोठ्याने ‘माझा’ म्हणा. लेकाचा शाळेचा प्रोजेक्ट मी रात्री जागून केला आणि सकाळी सगळ्यांना सांगितलं की त्याने केला. त्याला बक्षीस मिळालं. ते त्याने कधी कपाटात लावलं नाही. का, ते मला फार उशिरा कळलं.

आणि शंका कायमची जाते का? आमच्याकडे तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, म्हणजे संकटं सोबत घेऊन जाणाऱ्या बाईचे मोठाले पुतळे. ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत अख्खं महाल-इतवारी रस्त्यावर येतं आणि शेवटी तिला जाळतात. पुढच्या वर्षी पुन्हा नवी बांधतात. ‘मागच्या वर्षी जाळली होती ना, मग परत कशी?’ असं कोणी विचारत नाही. इथे आल्यावर गाड्या उजव्या बाजूने धावताना पाहिल्या आणि माझी नवी मारबत तयार झाली. अजून जाळायची आहे.

परवा मुलाला म्हटलं, मला मंडेअरला ने. बांडुराच्या लहानपणी तिथल्या हायस्कूलमध्ये शिक्षक दोनच होते. पोरांना बरंचसं आपलं आपणच शिकावं लागायचं. सरळसोट रस्ता, दोन्हीकडे शेतं, माणूस दिसत नाही. अर्ध्या वाटेत मुलगा म्हणाला, “आई, पाय काढ.”

मी खाली पाहिलं. बसले होते त्याच्या शेजारच्या सीटवर, आणि माझा उजवा पाय मॅटवर पूर्ण ताकदीने दाबलेला.

“माझा,” मी म्हटलं.