वजनात न भरणारे कण

सिग्नलवर थांबलेल्या या वाहनांच्या धुराड्यातून काहीच बाहेर पडताना दिसत नाही. धूर काळा असता, तर कॅमेऱ्याने तो टिपला असता. मात्र सिग्नल सुटताच पदपथावर ठेवलेल्या या पेटीवरचा आकडा झरझर चढू लागतो. दर घन सेंटीमीटर हवेतील कणांची ती संख्या आहे, आणि त्यांतील बहुतेक कणांचा व्यास 100 नॅनोमीटरपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागापेक्षा कमी आहे.

इतके लहान कण लेसरच्या प्रकाशातही नीट उमटत नाहीत. म्हणून पेटीने ओढून घेतलेली हवा आधी ब्युटेनॉल या अल्कोहोलच्या वाफेतून नेली जाते आणि मग थंड केली जाते. वाफ कणांवर साचत जाते, पाहता पाहता कणाचा थेंब होतो आणि तो लेसरच्या झोतातून जाताना प्रकाशाची जी चमक उठते, तिची नोंद होते. येथे काहीही तोलले जात नाही, फक्त मोजले जाते.

हवेच्या गुणवत्तेचे नेहमीचे फलक कणांचे वजन सांगतात, आणि खरी गफलत तिथेच आहे. सारख्याच घनतेचा, 2.5 मायक्रोमीटरचा एक कण वजनाला 100 नॅनोमीटरच्या 15,625 कणांच्या बरोबरीचा असतो. त्यामुळे संख्येने सर्वाधिक असलेले कण हिशेबात जवळजवळ येतच नाहीत.

एडिंबरा येथील संशोधकांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांनी श्वासावाटे घेतलेले सोन्याचे अतिसूक्ष्म कण पुढे त्यांच्या रक्तात आणि लघवीत सापडले. बेल्जियममधील हॅसेल्ट विद्यापीठाच्या संशोधकांना 2019 मध्ये वारेच्या, म्हणजे गर्भाला पोसणाऱ्या अवयवाच्या, गर्भाकडील बाजूलाही काजळीचे कण आढळले. असे कण फुप्फुसांत दाह निर्माण करतात आणि हृदय व रक्तवाहिन्यांवरही त्यांचा परिणाम होतो, याचे पुरावे वाढत आहेत.

मधाच्या पोळ्यासारखी जाळी असलेली ही सिरॅमिकची गाळणी डिझेल वाहनाच्या धुराड्याच्या मार्गात बसते. ती सर्वत्र पोहोचली, कारण युरोपच्या नियमांनी वाहनाच्या धुरासाठी वजनासोबत संख्येचीही मर्यादा घातली: दर किलोमीटरला 60,000 कोटी कण. धुराड्याच्या तोंडाशी जी मोजणी सक्तीची होऊ शकली, ती श्वासाच्या हवेसाठी इतकी वर्षे का रेंगाळली, याचे समाधानकारक उत्तर नाही. दिवसाच्या सरासरीत दर घन सेंटीमीटरला 10,000 हून अधिक कण असणे हे जास्त प्रमाण मानावे, एवढे जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सांगितले. युरोपीय संघाने 2024 च्या निर्देशाने निवडक केंद्रांवर ही मोजणी बंधनकारक केली आहे. मर्यादा मात्र त्यातही नाही.