कांडी भरणारा वेगळा हवा

मागच्या आठवड्यात नवी पेठेतल्या माझ्या दुकानात एक आई मुलाला घेऊन आल्या. विड्या वळून साठवलेले पैसे सोबत होते. मुलगा गेमचे व्हिडिओ करतो. म्हणाला, "काका, नुसता खेळलो तर गेम सुसाट पळतो. रेकॉर्डिंग लावलं की प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जातो आणि सगळं अडखळतं. नवा प्रोसेसर केवढ्याला पडेल?" मी त्यांना काहीच विकलं नाही. का, तेच आज सांगायला उभा आहे.

माग कसा चालतो ते सोलापुरात कुणाला शिकवायला नको. विणणाऱ्यानं विणायचं, सुताच्या कांड्या दुसऱ्यानं भरायच्या. विणणाराच कांड्या भरत बसला तर माग उभा राहतो. त्या मुलाच्या संगणकात नेमकं तेच चाललं होतं.

आकडे बघा. १९२० बाय १०८० च्या एका चित्रात २०,७३,६०० ठिपके असतात. सेकंदाला अशी ६० चित्रं, म्हणजे साडेबारा कोटींच्या आसपास ठिपके, दर सेकंदाला दाबून लहान करायचे. या कामाला एन्कोडिंग म्हणतात. ओबीएस या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये एन्कोडर म्हणून एक्स२६४ निवडलेला असेल, तर हे सगळं प्रोसेसरच्या माथी येतं. त्याच वेळी गेमचं गणितही तोच करत असतो.

खरं तर या कामासाठी ग्राफिक्स चिपमध्ये वेगळी जागाच करून ठेवलेली असते. इंटेलनं २०११ मध्ये क्विक सिंक आणलं, एनव्हिडियानं २०१२ मध्ये एनव्हेंक. एएमडीच्या कार्डांतही अशी सोय आहे. ओबीएसच्या सेटिंग्जमध्ये आउटपुट उघडा, एन्कोडरच्या जागी यातलं जे दिसेल ते निवडा. त्या मुलाचा प्रोसेसर एवढ्या एका बदलानं मोकळा झाला. मात्र जुनं सामान घेताना डोळे उघडे ठेवा. जीटी १०३० कार्डात एनव्हेंक नाही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असतो, त्यात आतलं ग्राफिक्स चालत नाही, म्हणून क्विक सिंकही नाही. स्वस्तात मिळालं म्हणून घेतलं आणि नेमकी हीच सोय हुकली, असं होताना मी पाहिलं आहे आणि मला त्याचं वाईट वाटतं.

ज्यांच्याकडे एक्स२६४ शिवाय इलाजच नाही, त्यांनी प्रीसेट, म्हणजे एन्कोडरनं किती कष्ट घ्यायचे याची तयार सेटिंग, बघावा. 'स्लो' म्हणजे संगणकाला आराम, असं पुष्कळ मुलं समजतात. ते उलट आहे. स्लोमध्ये प्रोसेसर एकेका चित्रावर जास्त कष्ट घेतो. 'व्हेरीफास्ट'वर ठेवा, तरी भागलं नाही तर 'सुपरफास्ट'. त्यानंतर आउटपुट १०८० वरून ७२० वर आणा, ठिपके निम्म्याहून कमी होतात. सेकंदाला ६० ऐवजी ३० फ्रेम, म्हणजे चित्रं, केल्या की उरलेलं ओझं पुन्हा अर्ध्यावर येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अंदाजानं सेटिंग बदलत बसू नका. ओबीएसमध्ये 'स्टॅट्स' नावाची खिडकी आहे, ती उघडी ठेवून पाच मिनिटं रेकॉर्ड करा. एन्कोडिंगमुळे फ्रेम गळत असतील तर दोष एन्कोडरचा, म्हणजे आत्तापर्यंत बोललो ते करा. रेंडरिंगमुळे, म्हणजे चित्र तयार करण्याच्या कामामुळे, गळत असतील तर ग्राफिक्स कार्ड दमलं आहे. मग एन्कोडर बदलून उपयोग नाही, गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन फ्रेमवर मर्यादा घाला. साठ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला साठ चित्रं दाखवणाऱ्या, पडद्यावर गेम दीडशे फ्रेम काढत असेल, तर ती मेहनत डोळ्यांपर्यंत पोचतही नाही आणि प्रोसेसरही विनाकारण राबतो. तिसरा आकडा नेटवर्कचा, स्ट्रीम म्हणजे थेट प्रक्षेपण करत असाल तर कामाचा. तो वाढला तर अपलोडचा वेग बघून बिटरेट, म्हणजे सेकंदाला पाठवायच्या माहितीचं माप, कमी करा, प्रोसेसरला दोष देऊ नका.

ब्राउझरच्या उघड्या खिडक्या, स्ट्रीमवर लावलेले हलते अलर्ट, हेही प्रोसेसर खातात. नको ते बंद करा.

आणि आपल्या गावासाठी खास एक गोष्ट. इथला उन्हाळा चाळिशीपार जातो. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, मग तेच काम त्याला जड जातं. त्यात घरात किंवा शेजारी माग असेल तर सुताचा बारीक तूस पंख्यात आणि जाळीत जाऊन बसतो. त्या मुलाचं कॅबिनेट उघडलं तेव्हा हीटसिंकवर, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या जाळीवर, अशीच पांढरी साय धरलेली होती. संगणक बंद करा, वायर काढा, पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा आणि मऊ ब्रशनं तूस काढा. मागाच्या घरात हे दर महिन्याला करायचं.