मागितल्या चाचण्या, आल्या पिशव्या

श्रोतेहो, नमस्कार. सिएटल म्हटलं की आपल्यापैकी कित्येकांना तिथे नोकरीला गेलेला भाचा नाहीतर पुतणी आठवते. त्या शहराला नाव मात्र मिळालंय एका आदिवासी जमातप्रमुखाचं. आणि तिथे आदिवासींसाठी चालणारं एक आरोग्य केंद्र आहे, सिएटल इंडियन हेल्थ बोर्ड. इंडियन म्हणजे इथे अमेरिकेचे मूळ रहिवासी, बरं का.

साल २०२०. करोना पसरू लागला होता. या आरोग्य केंद्राने स्थानिक प्रशासनाला, राज्याला, केंद्र सरकारला, सगळ्यांना कळवलं, आम्हाला चाचण्यांचं साहित्य द्या. काही आठवड्यांनी एक खोकं आलं. उघडलं, तर आत पांढऱ्या, चेनच्या पिशव्या. मृतदेह ठेवायच्या पिशव्या! सोबत पायाच्या अंगठ्याला बांधायच्या चिठ्ठ्या. पुन्हा सांगते, मागितल्या होत्या चाचण्या आणि आल्या मृतदेहांच्या पिशव्या. पाठवण्यात घोळ झाला, असं नंतर सांगितलं गेलं. असेल. पण उघडणाऱ्यांचे चेहरे पांढरे पडले ते पडलेच.

त्या संस्थेत ॲबिगेल एको-हॉक नावाच्या संशोधक होत्या, पॉनी जमातीच्या. त्यांनी त्यातली एक पिशवी घेतली आणि तिचा पोशाख शिवला. त्यांच्याकडे बायका सणासमारंभाला रिबिनी लावलेला झगा घालतात, अगदी तसा. अंगठ्याच्या त्या चिठ्ठ्याही त्यावर लावल्या, हाताचे लाल ठसे उमटवले. मरणाचं सामान म्हणून आलेलं कापड त्या बाईंनी अंगावर मिरवायचं करून टाकलं. मी ही हकीकत कितीदा सांगितली असेल, तरी दरवेळी अंगावर काटा येतो.

एको-हॉक यांची लढाई आकड्यांसाठीही होती. अनेक ठिकाणी करोनाच्या नोंदींत आदिवासी ‘इतर’ या रकान्यात जात. कुठल्याही सरकारी अर्जावरचा ‘इतर’ हा रकाना मला डोळ्यांसमोर नको वाटतो, शाळेच्या दाखल्यापासून शिधापत्रिकेपर्यंत. माणूस मोजलाच नाही, तर औषध कुणाच्या नावाने पाठवणार?

सरकारने काहीच केलं नाही, असं नाही. मार्च २०२० च्या मदत कायद्यात जमातींसाठी ८ अब्ज डॉलर ठेवले. पैसे कुणाला मिळावेत, यावर कोर्टकज्जे झाले आणि वाटप रखडलं. तिकडे नवाहो या आदिवासी जमातीच्या सुमारे ३० टक्के घरांत नळाचं पाणी नव्हतं, आणि सल्ला काय, तर साबणाने वारंवार हात धुवा! जानेवारी २०२१ मध्ये बायडन यांनी आरोग्यातल्या विषमतेसाठी खास कृतिदल नेमलं, डॉ. मार्सेला नुनेझ-स्मिथ त्याच्या प्रमुख.

खरा फरक पडला लसीच्या वेळी. जमातींना लस राज्यामार्फत घ्यायची की इंडियन हेल्थ सर्व्हिस या केंद्र सरकारच्या आदिवासी आरोग्यसेवेकडून, हे त्यांचं त्यांनी ठरवायचं होतं. आधी कुणाला टोचायची, हेही त्यांनीच. हे लक्षात ठेवा, ठरवलं त्यांनी. ओक्लाहोमात चेरोकी जमातीने पहिल्या फळीत डॉक्टर-परिचारिकांबरोबर चेरोकी भाषा अस्खलित बोलणाऱ्यांना घेतलं. अशी माणसं उरली होती फक्त दोनेक हजार, बहुतेक म्हातारी. एको-हॉक यांच्या संस्थेने पाहणी केली, तेव्हा सुमारे ७५ टक्के आदिवासी लस घ्यायला तयार निघाले. का घेणार, असं विचारल्यावर बहुतेकांनी सांगितलं, आमच्या लोकांना जपायचंय म्हणून.